अंतर बदलले की झिरो का हलतो? .२२ रायफलच्या साईटची नेहमीची अडचण आणि तिचे निवारण

“रायफल ५० मीटरवर नीट झिरो केली होती, शेवटचे दहाही शॉट मधल्या वर्तुळात होते, पण २५ मीटरच्या रेंजवर जाऊन आल्यापासून ती पुन्हा दीड-दोन वर्तुळे बाहेर मारते आहे.” झिरो म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी केलेली साईटची जुळणी. तो हलल्याची ही तक्रार क्लबमध्ये, महाविद्यालयीन संघांत आणि एनसीसीच्या कॅडेट्सकडून इतक्या वेळा ऐकू येते की तिचा एकदा सविस्तर विचार करणे आवश्यक वाटते. तक्रारीनंतरचा प्रकारही ठरलेला असतो. नेमबाज साईटचा नॉब फिरवतो, दोन शॉट मारतो, पुन्हा नॉब फिरवतो, आणि अर्ध्या तासानंतर साईट नेमकी कुठे होती हे कोणालाच सांगता येत नाही. मग दोष साईटवर येतो आणि चांगली साईट दुरुस्तीला जाते.

माझे स्पष्ट मत असे आहे की साईट खरोखर बिघडलेली असण्याचे प्रसंग थोडे असतात. झिरो हा रायफलचा कायमचा गुण नसून तो एका अंतराचा, एका पोझिशनचा, काडतुसांच्या एका लॉटचा (एकत्र बनलेल्या खेपेचा) आणि एका प्रकारच्या पकडीचा असतो. यांपैकी काय बदलले हे शोधण्याआधी नॉबला हात लावला, तर एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते, आणि अंतर बदलताच झाकलेली चूक पुन्हा उघडी पडते.

येथे .२२ लाँग रायफल काडतूस, मागे डायऑप्टर (बारीक छिद्राची साईट) आणि पुढे रिंग असलेली मॅच रायफल आणि २५, ५० व १०० मीटर ही अंतरे गृहीत धरली आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा ५० मीटरवर होतात, एनसीसीची सुरुवात २५ मीटरच्या आसपास होते, आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी नेमबाजांना क्लबच्या मॅचेससाठी ५० मीटरबरोबर १०० यार्डांवरही उतरावे लागते. झिरोचे काम परवानाधारक रेंजवर आणि रेंज ऑफिसरच्या परवानगीनेच करावे. खाली सांगितलेल्या काही चाचण्यांत गोळ्या मुद्दाम मध्यापासून दूर पाडायच्या असल्याने मागचा बांध तेवढा मोठा आहे ना, हे त्यांना आधी विचारून घ्यावे.

आधी आपल्या क्लिकची किंमत काढा

एका क्लिकने, म्हणजे नॉबच्या एका टप्प्याने, शॉट किती सरकतो हे अनेकांना केवळ ऐकून माहीत असते, तेही दुसऱ्या कोणाच्या साईटचे. हिशेब सोपा आहे. एका क्लिकला मागची साईट जितकी सरकते, त्याला लक्ष्याच्या अंतराने गुणावे आणि पुढच्या व मागच्या साईटमधील अंतराने भागावे. साईट एका क्लिकला ०.०४ मिलिमीटर सरकत असेल आणि दोन साईटमधील अंतर ८०० मिलिमीटर असेल, तर ५० मीटरवर शॉट २.५ मिलिमीटर सरकतो, २५ मीटरवर १.२५ आणि १०० मीटरवर ५ मिलिमीटर. नळीवर एक्स्टेन्शन ट्यूब लावून पुढची साईट १५ सेंटिमीटर पुढे नेली, की हीच किंमत ५० मीटरवर सुमारे २.१ मिलिमीटर होते. ट्यूब लावल्यानंतर “क्लिक कमी पडतात” अशी तक्रार येते ती यामुळे. पुढची सर्व उदाहरणे ८०० मिलिमीटर आणि २.५ मिलिमीटर हे आकडे धरून दिली आहेत; आपले आकडे आपण मोजून घ्यावेत.

आंतरराष्ट्रीय नियमांच्या ५० मीटर टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर असते. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर असल्यामुळे छिद्राचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा गुण मिळतात. म्हणजे साधारण तीन क्लिक म्हणजे एक वर्तुळ. हा आकडा डोक्यात पक्का असला की “वर्तुळभर उजवीकडे जाते” या वाक्याचे लगेच क्लिकमध्ये रूपांतर होते.

नॉबवरच्या खुणांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. जर्मन बनावटीच्या अनेक डायऑप्टरवर एच, टी, आर, एल ही अक्षरे (अनुक्रमे वर, खाली, उजवीकडे, डावीकडे) शॉट कुठे गेला ते दर्शवतात: शॉट वर गेला असेल तर एचच्या दिशेने फिरवावे, म्हणजे तो खाली येतो. इंग्रजी खुणांच्या साईटवर ‘अप’च्या दिशेने फिरवले की शॉट वर जातो. क्लबच्या रायफलवरून स्वतःच्या रायफलवर गेलेला नेमबाज येथे हमखास फसतो, आणि चुकीच्या दिशेने दिलेली दुरुस्ती चूक दुप्पट करते. नवी साईट हाती आली की २० क्लिक एका बाजूला देऊन शॉट कुठे जातो ते प्रत्यक्ष पाहावे आणि वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

एका शॉटवर क्लिक देऊ नये

झिरो “हलला” असे म्हणण्याआधी ग्रुपचा, म्हणजे ओळीने मारलेल्या शॉटच्या पुंजक्याचा, मध्य खरोखर हलला आहे का, हे तपासणे ही पहिली पायरी आहे. एनसीसीत ज्याला एमपीआय (मीन पॉइंट ऑफ इम्पॅक्ट) म्हणतात तो हाच मध्य. नवशिक्या नेमबाजाचे प्रोनमधील (पोटावर झोपून मारलेले) दहा शॉट घेऊ. ५० मीटरवर मध्यापासून वर-खाली त्यांची जागा मिलिमीटरमध्ये अशी आहे: १६ वर, २ खाली, ९ वर, ४ वर, १४ वर, ७ वर, ११ वर, ३ वर, ८ वर आणि शेवटचा बरोबर मध्याच्या पातळीवर. बेरीज ७०, सरासरी ७ मिलिमीटर वर. दुरुस्ती तीन क्लिक खाली, आणि विषय संपला.

आता हेच दहा शॉट नॉबवर हात ठेवून मारणाऱ्याचे काय होते ते पाहा. पहिला शॉट १६ वर दिसला म्हणून तो सहा क्लिक खाली देतो, म्हणजे १५ मिलिमीटर. दुसरा शॉट मुळातच २ खाली पडणार होता. तो आता १७ खाली पडतो. घाबरून सात क्लिक वर दिले जातात, आणि तिसरा शॉट ९ च्या ऐवजी साडेअकरा वर जातो. रायफल जशीच्या तशी आहे, पकड जशीच्या तशी आहे, केवळ शॉटशॉटमधील स्वाभाविक फरकाच्या मागे धावल्यामुळे ग्रुप मोठा झाला. “माझी साईट एका जागी राहत नाही” असे सांगणाऱ्या नेमबाजाला नॉबला हात न लावता दहा शॉट मारायला सांगावे. बहुतेक वेळा साईट एका जागीच राहिल्याचे कागद दाखवतो.

मध्य किती शॉटवर ठरवावा, हे ग्रुप किती मोठा आहे त्यावर अवलंबून आहे. शॉटची संख्या चौपट केली की मध्याच्या अंदाजातली चूक निम्मी होते. ज्याचा ग्रुप दहाच्या वर्तुळात मावतो त्याला तीन-चार शॉट पुरतात; ज्याचा ग्रुप आठच्या वर्तुळापर्यंत पसरतो त्याने दहाच्या खाली निर्णय घेऊ नये. ट्रिगर सुटताच जो शॉट चुकल्याचे स्वतःला जाणवले तो सरासरीतून वगळता येतो, मात्र तो चुकला हे स्कोप किंवा पडद्यावर पाहण्याआधी म्हटलेले असले पाहिजे. पाहिल्यानंतर वगळलेला शॉट म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

दोन अंतरांची कसोटी

एवढे करूनही मध्य खरोखर हललेला असेल, तर कारण शोधण्यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे दुसरे अंतर. ज्या अंतर-बदलामुळे तक्रार उद्भवते, तोच तिचे कारणही सांगतो. फक्त तो नीट वाचता आला पाहिजे.

चुका दोन जातींच्या असतात. काही चुका कोनाच्या असतात: साईट किंवा डोळा किंचित सरकला की गोळीची दिशा ठरावीक कोनाने बदलते, आणि लक्ष्यावरची चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. ५० मीटरवर ६ मिलिमीटर असेल तर १०० मीटरवर १२. दुसऱ्या जातीच्या चुका गोळीला हवेत लागणाऱ्या वेळाशी जोडलेल्या असतात: गुरुत्वाकर्षणाने होणारी घसरण, वाऱ्याने होणारे सरकणे, रायफल कलल्यामुळे होणारी चूक. त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, किंवा त्याहून थोड्या अधिक, वाढतात. ५० मीटरवर ६ असेल तर १०० वर १२ नव्हे, २४ च्या पुढे.

म्हणून दोन्ही अंतरांवर, शक्य तर एकाच दिवशी, त्याच लॉटच्या काडतुसांनी, हिशेबाने येणारे क्लिक देऊन प्रत्येकी दहा शॉट मारावेत आणि मध्याची चूक मिलिमीटरमध्ये लिहावी. चूक दुप्पट झाली तर साईट, गाल आणि स्क्रू तपासावेत. चौपट झाली तर वारा, काडतुसे आणि रायफलचे कलणे तपासावे. ज्यांच्याकडे १०० मीटरची रेंज नाही त्यांनी २५ आणि ५० वर ही कसोटी घ्यावी. आकडे लहान येतात, पण प्रमाण तेच राहते.

चूक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल तर

मागची साईट तिच्या रेलवर ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाच्या जाडीइतकी, सरकली तर ५० मीटरवर शॉट सव्वासहा मिलिमीटर सरकतो. एवढी ढिलाई बोटांना जाणवत नाही. साईट काढून पुन्हा बसवताना ती रेलवरच्या त्याच खाचेत किंवा पेन्सिलच्या खुणेवर बसवावी, रेल आधी पुसून घ्यावी आणि क्लॅम्पचे स्क्रू दर वेळी सारख्याच जोराने आवळावेत. पुढच्या साईटकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. तिचा टनेल (रिंगभोवतीची आखूड नळी) आणि रिंग धरून ठेवणारी चकती दोन्ही हलवून पाहावीत.

त्यानंतर लाकडी स्टॉक (दस्ता). महाराष्ट्रातल्या, विशेषतः कोकण आणि कोल्हापूरकडच्या पावसाळ्यात जुन्या लाकडी स्टॉकची रायफल जून आणि ऑक्टोबर यांच्या दरम्यान वेगळी वागते, याचे कारण लाकूड दमट हवेत आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे ॲक्शन स्क्रूचा (नळी आणि यंत्रणा स्टॉकला धरून ठेवणाऱ्या स्क्रूचा) ताण बदलतो आणि नळीचा पाया बदलतो. हे स्क्रू उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या ताणावर टॉर्क रेंचने (ताण मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. अंदाजाने आवळलेला स्क्रू हा फिरत्या झिरोचा फार जुना स्रोत आहे. क्लबकडे एक टॉर्क रेंच असणे, माझ्या मते, दुसऱ्या स्कोपपेक्षा जास्त गरजेचे आहे.

साईटच्या आतल्या ढिलाईची, म्हणजे बॅकलॅशची, चाचणी चौकोनी पद्धतीने घ्यावी. नेम सतत त्याच काळ्या भागावर ठेवून पाच शॉट मारावेत. २० क्लिक उजवीकडे देऊन पाच, २० वर देऊन पाच, २० डावीकडे देऊन पाच, आणि शेवटी २० खाली देऊन पाच. ५० मीटरवर प्रत्येक बाजू ५० मिलिमीटर यायला हवी आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर पडायला हवा. बाजू सारख्या असूनही शेवटचा ग्रुप एखाद-दोन क्लिकने मागे राहत असेल तर तो बॅकलॅश आहे. त्यावर उपाय सोपा आहे: नेहमी एकाच दिशेने थांबावे. खाली यायचे असेल तर चार क्लिक जास्त खाली जाऊन चार क्लिक वर यावे. बाजूच कमी-जास्त येत असतील, आणि हीच चाचणी दुसऱ्या दिवशी तशीच निघाली, तेव्हाच साईट दुरुस्तीला पाठवावी.

या सर्वांपेक्षा जास्त वेळा आढळणारे कारण मात्र गाल आहे. डायऑप्टरच्या छिद्रामागे डोळा दर वेळी त्याच जागी यायला हवा. चीकपीस (स्टॉकवरचा गाल टेकवण्याचा भाग) थोडा खाली असला की नेमबाज मान ताणून डोळा वर नेतो. पंधरा-वीस शॉटनंतर मान दमते, डोके खाली येते आणि ग्रुप हळूहळू सरकतो. सकाळी जमलेला झिरो मॅचच्या मध्यात हरवतो तो बहुधा असा. तपासणीसाठी डोळे मिटून गाल चीकपीसवर पूर्ण वजनाने टेकवावा, दोन श्वास घ्यावेत आणि मग डोळे उघडावेत. पुढच्या साईटचा टनेल मागच्या छिद्राच्या मधोमध, चारी बाजूंनी सारखा प्रकाश सोडून दिसला तर चीकपीस बरोबर आहे. टनेल एका बाजूला सरकलेला दिसला तर चीकपीस हलवावा, मान हलवू नये. १०० मीटरसाठी साईट वर चढवली की छिद्रही वर जाते, हेही येथे लक्षात ठेवावे. ४८ क्लिकने ते जवळजवळ २ मिलिमीटर वर जाते, आणि गाल तिथेच राहिला तर डोळा छिद्राच्या खालच्या कडेतून पाहू लागतो. लांबच्या अंतरावर चीकपीसही तेवढाच वर घेणारे नेमबाज फार थोडे दिसतात.

चूक त्याहून वेगाने वाढत असेल तर

येथे पहिला संशय रायफल कलण्यावर घ्यावा. रायफल उजवीकडे कलली की गोळी उजवीकडे आणि किंचित खाली जाते, आणि ती किती जाते हे त्या अंतरावर गोळी किती घसरते त्यावर ठरते. नळीतून साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघणारी .२२ ची गोळी ५० मीटरपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर आणि १०० मीटरपर्यंत सुमारे ५२ सेंटिमीटर घसरते. तीन अंशांच्या कलण्याने ५० मीटरवर साडेसहा मिलिमीटरच्या आसपास चूक होते, १०० वर सुमारे २७ मिलिमीटर. तीन अंश डोळ्याला दिसत नाहीत.

मुख्य मुद्दा असा की दर वेळी सारखीच कलणारी रायफल एका अंतरावर कधीच त्रास देत नाही. ५० मीटरवर दोन-तीन क्लिक डावीकडे देऊन ती चूक भरून निघते आणि नेमबाजाला तिचा पत्ताही लागत नाही. अंतर बदलले की ती उघडी पडते. ५० मीटरवर मध्यभागी, १०० मीटरवर दीड सेंटिमीटर उजवीकडे आणि २५ मीटरवर जेमतेम दीड मिलिमीटर डावीकडे, असे चित्र दिसले आणि वारा नव्हता, तर रायफल उजवीकडे कलते आहे असे निःशंकपणे म्हणता येते. वर-खाली तर अंतरानुसार बदलावेच लागते; पण विंडेज (साईटची डावी-उजवी जुळणी) अंतरानुसार बदलावे लागत असेल तर ती नेहमी विचार करण्याजोगी खूण आहे.

यासाठी ओळंब्याची चाचणी करावी. मोठ्या कोऱ्या कागदावर ओळंबा सोडून उभी रेघ आखावी, टार्गेटचा मध्य रेघेच्या खालच्या भागावर चिकटवावा, पाच शॉट मारावेत, ४० क्लिक वर द्यावेत आणि त्याच मध्यावर नेम धरून आणखी पाच मारावेत. दुसरा ग्रुप १०० मिलिमीटर वर, रेघेवरच पडायला हवा. तो ५ मिलिमीटर बाजूला पडला तर साईट सुमारे तीन अंशांनी कललेली आहे. मग नेमबाजाने रायफल सरळ धरायला शिकावे, की बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि साईट त्याच्या नैसर्गिक पकडीनुसार बसवून घ्यावी, हा प्रशिक्षकाशी बोलून ठरवण्याचा विषय आहे. उभ्या पोझिशनमध्ये अनेक उत्तम नेमबाज मुद्दाम थोडी कललेली रायफल धरतात. पण साईटवर पाणसळ लावून ती दर वेळी तेवढीच राहते याची खात्री केलीच पाहिजे.

वाऱ्याचा हिशेब याच जातीचा आहे. आडवा वारा एक मीटर प्रति सेकंद, म्हणजे पाने जेमतेम हलवणारा, असला तरी ५० मीटरवर गोळी सुमारे ६ मिलिमीटर आणि १०० मीटरवर सुमारे २४ मिलिमीटर सरकते. आतल्या खाचांना उजवा पीळ असलेल्या नळीतून सुटलेली गोळी उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात डावीकडे जाताना थोडी वरही जाते, आणि डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात उजवीकडे जाताना थोडी खाली. दुपारच्या वाऱ्यात केलेला झिरो दुसऱ्या दिवशी सकाळच्या शांत हवेत चुकीचा ठरतो, यात साईटचा काही अपराध नाही. झिरो सकाळी, रेंजवरचे वाऱ्याचे निशाण पडलेले असताना करावा, आणि तसे जमले नाही तर निशाण एका ठरावीक स्थितीत आले की तेव्हाच शॉट सोडावा.

चूक फक्त वर-खाली असेल आणि लांबच्या अंतरावर झपाट्याने वाढत असेल, तर काडतुसांचा लॉट पाहावा. दोन लॉटच्या वेगात ५ मीटर प्रति सेकंद फरक असेल तर ५० मीटरवर ग्रुप जेमतेम ४ मिलिमीटर सरकतो, जो बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. १०० मीटरवर तो १६ मिलिमीटर होतो. डबा संपला की नव्या डब्यावरचा लॉट क्रमांक पाहण्याची सवय लावून घ्यावी. नळी स्वच्छ करून तेल लावलेले असेल तर पहिल्या काही गोळ्या मोजूच नयेत; नळीत काडतुसांच्या मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत ग्रुप स्थिरावत नाही.

पोझिशन बदलली की झिरोही बदलतो

बेंचवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवून काढलेला झिरो स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) लावून प्रोनमध्ये तसाच्या तसा लागू पडत नाही, कारण गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल मागे कशी सरकते हे टेकूवर अवलंबून असते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात नेमबाज एकाच अंतरावर, एकाच रायफलने आधी नीलिंग (गुडघ्यावर बसून), मग प्रोन आणि मग स्टँडिंग (उभ्याने) असा खेळतो, आणि या तिन्हींसाठी साईटचे आकडे वेगळे असतात. तेव्हा प्रोनचा झिरो नीलिंगमध्ये हलला, ही तक्रारच होऊ शकत नाही.

अंतर बदलताना काय करावे

साईट नळीच्या मध्यापासून ४ सेंटिमीटर वर आहे आणि काडतूस वर सांगितलेल्या वेगाचे आहे असे धरले, तर २५ मीटरवर झिरो केलेली रायफल ५० मीटरवर साधारण २३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन वर्तुळे, खाली मारते. त्यासाठी नऊ क्लिक वर द्यावे लागतात. ५० यार्डांवरून ५० मीटरवर जाताना तीन क्लिक, ५० मीटरवरून १०० यार्डांवर जाताना अडतीसच्या आसपास आणि १०० मीटरसाठी अठ्ठेचाळीसच्या आसपास. ५० मीटरच्या झिरोवर क्लिक न बदलता १०० मीटरवर मारलेली गोळी सुमारे २४ सेंटिमीटर खाली जाते, त्यामुळे “कागदावर शॉटच दिसत नाही” असे झाले तर आधी हे आठवावे. हे आकडे केवळ सुरुवातीचे आहेत. साईट उंच असेल किंवा काडतूस वेगळे असेल तर ते बदलतात.

क्लिक मोजताना सर्वांत मोठी चूक एक पूर्ण फेरा विसरण्याची होते. म्हणून साईट एकदा हलक्या हाताने तळाच्या टोकापर्यंत खाली न्यावी आणि तिथून प्रत्येक अंतराचा झिरो किती क्लिकवर येतो ते मोजून वहीत लिहावे. “५० साठी नऊ वर” असे लिहिण्यापेक्षा “तळापासून इतके” असे लिहिलेला आकडा कितीतरी भरवशाचा असतो, कारण कोणी मध्ये नॉब फिरवला तरी त्यावर परत येता येते. त्याच ओळीत तारीख, रेंज, अंतर, पोझिशन, लॉट क्रमांक, वारा, प्रकाश आणि चीकपीसची उंची असावी.

पुढच्या रिंगकडेही पाहावे. ५० मीटरच्या टार्गेटचा काळा भाग ११२.४ मिलिमीटर व्यासाचा असतो. तोच कागद २५ मीटरवर लावला तर तो डोळ्याला दुप्पट मोठा दिसतो, रिंग आणि काळा भाग यांच्यातली पांढरी फट नाहीशी होते आणि ग्रुप पसरतो; नेमबाज मात्र झिरो हलला असे समजतो. २५ मीटरवर सराव करायचा असेल तर ५६ मिलिमीटर व्यासाचा काळा गोल असलेला कागद करून घ्यावा, म्हणजे तीच रिंग चालते. १०० मीटरवर ५० मीटरचाच कागद लावण्याऐवजी साधारण २२५ मिलिमीटरचा काळा गोल लावावा.

मॅचच्या दिवशी नव्या अंतरावर गेल्यावर क्रम असा ठेवावा: आधी वहीतला आकडा तळापासून मोजून लावावा, चीकपीस त्या अंतराच्या खुणेवर आणावा, डोळे मिटून नैसर्गिक नेम काळ्या भागावरच येतो का ते पाहावे, आणि त्यानंतर सायटिंगच्या (मॅचआधीच्या चाचणी-शॉटच्या) वेळेत नॉबला हात न लावता पाच शॉट मारावेत. त्यांचा मध्य तीन क्लिकच्या आत असेल तर तेवढीच दुरुस्ती करून मॅच सुरू करावी. तो त्याहून जास्त बाहेर असेल तर क्लिक देण्याआधी पहिल्यांदा मागच्या साईटचा क्लॅम्प, मग पुढचा टनेल, मग डब्यावरचा लॉट क्रमांक आणि सर्वांत शेवटी नॉबचा विसरलेला फेरा, या क्रमाने पाहावे; ही चारही ठिकाणे पाहायला दोन मिनिटे पुरतात, आणि सायटिंगच्या वेळेत तेवढी मिनिटे नेहमी असतात.